टेस्टिंगच्या दारातली रांग

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, त्यामुळे कानबान बोर्ड, म्हणजे प्रत्येक कामाचं कार्ड डावीकडून उजवीकडे टप्प्याटप्प्याने सरकवत नेणारा फलक, मी उजवीकडून वाचते. आधी रिलीजला तयार असलेली कार्डं, मग टेस्टिंग, मग रिव्ह्यू, आणि 'टू डू' सगळ्यात शेवटी. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठकसुद्धा याच क्रमाने व्हावी, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येकाला काल काय केलं, आज काय करणार असं विचारत गेलं की जो तो आपल्या हातातल्या कामाबद्दल बोलतो. दोन कॉलमांच्या मध्ये पडून राहिलेलं कार्ड कोणाच्याच हातात नसतं, म्हणून त्याचा विषयच निघत नाही.

आमच्याकडे पासवर्ड रिसेटचं एक कार्ड होतं. कोड दिवसभरात लिहून झाला आणि 'रेडी फॉर टेस्टिंग'मध्ये कितीतरी दिवस पडून राहिला. मी तपासायला घेतलं तेव्हा कळलं, ईमेलमधली लिंक एकदा वापरल्यावरही पुन्हा चालते. दुरुस्ती छोटीच होती. पण डेव्हलपर एव्हाना दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये बुडालेला, त्याची ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी प्रत, मागे पडलेली. मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे ती प्रत मुख्य कोडमध्ये मिसळताना एकमेकांना आडवे येणारे बदल, सोडवण्यातच त्याचा सगळा वेळ गेला.

अशा वेळी टेस्टरने हात चालवावा, एवढंच सुचवलं जातं. खरा इलाज आहे विप लिमिट, म्हणजे एका वेळी किती कामं चालू ठेवायची याची मर्यादा. आणि ती नुसत्या 'टेस्टिंग'ला लावून भागत नाही; तसं केलं की 'रेडी फॉर टेस्टिंग'चं गोदाम होतं. दोन्ही कॉलमांना मिळून एकच मर्यादा हवी, समजा ४. पाचवं कार्ड पुढे सरकत नसेल तर डेव्हलपरने नवं काम उघडायचं नाही. टेस्ट डेटा तयार करून द्यायचा, ऑटोमेशन, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चाचण्या, लिहायचं, सापडलेला बग लगेच बघायचा. टोयोटात तायची ओहनो यांनी बसवलेल्या पद्धतीचा गाभाही हाच: पुढच्या टप्प्याकडून कार्ड आलं नाही, तर मागच्याने भाग बनवायचा नाही.

"मग माणसं रिकामी बसतील," ही शंका हमखास येते. त्यावर मी जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम मांडते: चालू कामांना पूर्ण होण्याच्या वेगाने भागलं की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. बोर्डवर सरासरी २४ कार्डं चालू आणि आठवड्याला ६ पूर्ण होत असतील, तर एका कार्डाला सरासरी ४ आठवडे लागणारच. पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून चालू कार्डं १२वर आणली, की २ आठवडे. त्यासाठी कोणी ऑफिसात जास्त वेळ थांबायची गरज नाही.

एका बाबतीत मात्र मी हटून बसते. बग सापडला म्हणून कार्ड मागे 'डेव्हलपमेंट'मध्ये ढकलायचं नाही. ते टेस्टिंगमध्येच, 'ब्लॉक्ड'ची लाल खूण लावून ठेवायचं. मागे नेलं की माझ्या कॉलममध्ये जागा झाल्याचा भास होतो आणि लगेच दुसरं कार्ड येऊन बसतं. तिथेच राहिलं तर जागा अडलेली सगळ्यांना दिसते, आणि ती मोकळी करायला डेव्हलपर स्वतःहून माझ्याकडे येतो.