मृगाआधीची परसबाग
मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा परसात नवे काही लावण्यापेक्षा असलेले जगवणे एवढेच काम उरते. आम्ही झाडांभोवतीच्या आळ्यांत केळीची वाळलेली पाने जाड पसरतो आणि पाणी संध्याकाळीच देतो. भरिताच्या वांग्याचे बी मात्र मृग लागल्यावर गादीवाफ्यावर, म्हणजे माती उंच करून केलेल्या वाफ्यावर, ओळीत पेरावे. पाच-सहा आठवड्यांत रोपे वीतभर झाली, की पावसाची उघडीप पाहून ती हलवता येतात. शाळेच्या परसबागेचे गणित निराळे असते. पोषण आहारासाठी लावलेली मेथी, पालक हिवाळ्यात भरभरून येतात, पण उन्हाळी सुटीत पाणी घालायला कोणी नसते; म्हणून तेथे कुंपणालगत शेवग्यासारखी काटक झाडे हवीत, असे माझे मत आहे. पावसाच्या तोंडावर रोवलेली शेवग्याची जाड फांदीही फुटते, अर्थात शेळ्यांनी गाठले नाही तर.