मनोरी, भुऱ्या आणि पौर्णिमेचं उधाण

बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा: मुंबईच्या आसपास वाळूवर तंबू टाकून झोपायचं असेल तर पौर्णिमा आणि अमावास्या टाळा. ‘फुल मून कॅम्पिंग’ असं लिहिलेली जाहिरात दिसली की पुढे सरका. कुत्रा सोबत असेल तर तर नक्कीच. अष्टमीला जा.

आम्ही गेलो नेमके 14 डिसेंबर 2024 ला. शनिवार, दत्तजयंती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. कुत्र्याला घेऊन जायला याहून चांगला मुहूर्त कुठला, असं नवरा म्हणाला होता. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, आमचा एक.

आमचा म्हणजे भुऱ्या. गावठी, वय चार, वजन बावीस किलो, पाण्याला घाबरत नाही पण फटाके आणि स्पीकर यांना घाबरतो. जागा मनोरी. मनोरी, गोराई, उत्तन हा सगळा पट्टा म्हणजे जुनं धारावी बेट. माहीमजवळच्या धारावीशी याचा संबंध नाही. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी 1739 मध्ये जो धारावीचा किल्ला घेतला, तो इथला, उत्तनजवळचा. आता भाईंदरकडून रस्ता आहे, त्यामुळे बेट म्हटलं की लोक हसतात. पण मालाडहून जाणाऱ्याला अजून मार्व्याच्या धक्क्यावरून होडीनेच खाडी ओलांडावी लागते, आणि पलीकडे उतरलं की माड, ताड, क्रूस, वाळत घातलेले बोंबील. बेटच आहे ते.

जाण्याबद्दल थोडक्यात. मालाड स्टेशनहून मार्व्याला 272 नंबरची बस जाते, पण कुत्र्याला बसमध्ये कोण घेणार. रिक्षावाल्यांपैकी पहिल्या दोघांनी भुऱ्याकडे पाहूनच मान हलवली. तिसऱ्याला मी आधी जुनी चादर दाखवली, सीटवर अंथरली, मग कुत्रा दाखवला. हा क्रम लक्षात ठेवा. होडीवाल्यांबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. दुचाक्या, भाजीच्या पाट्या, माणसं यांच्यात कुत्रा त्यांना नवा नाही. फक्त पाणी उतरलेलं असेल तर धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं आणि होडी खाली गेलेली असते. इंजिनाचा आवाज ऐकून भुऱ्याने चारही पाय रोवले आणि त्याला उचलूनच आत ठेवावं लागलं. म्हणून गळ्यातला पट्टा नको, छातीचा पट्टा हवा. गळ्यातल्या पट्ट्याने बावीस किलो उचलायला गेलात तर फास बसेल.

आता मुख्य गोष्ट.

आम्ही संध्याकाळी पाचला कॅम्पवर पोचलो. कॅम्पचं नाव देत नाही, दिलं तरी पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या नावाने असेल. समुद्र इतका लांब होता की पाण्यापर्यंत चालत जायला भुऱ्यालाही कंटाळा आला. मधे सपाट, ओली, चमकणारी वाळू. सुरूच्या झाडांच्या पुढे, वाळूवरच दोन रांगांत तंबू लावलेले. मी विचारलं, पाणी कुठपर्यंत येतं? तिथला मुलगा म्हणाला, “ताई, इथपर्यंत कधीच येत नाही. बिनधास्त झोपा.”

त्याच्यावर विश्वास बसला, कारण समोर दिसतच होतं. आणि इथेच सगळे फसतात. पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते. तुम्ही सूर्यास्ताच्या वेळी पोचता, तेव्हा समुद्र सगळ्यात लांब असतो. सहा तासांनी, तुम्ही गाढ झोपेत असताना, तो सगळ्यात जवळ येतो. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चारेक मीटरचा फरक पडतो, आणि किनारा सपाट असला की उभे चार मीटर आडवे किती होतात ते तंबूत झोपून कळतं.

खरं तर आम्हाला सांगितलं गेलं होतं. दुपारी गावातून येताना भुऱ्या वाळत घातलेल्या जवळ्यावरून गेला. जमिनीवर जाळं पसरून त्यावर जवळा घातला होता आणि हे महाशय त्याच्या मधोमध उभे राहून वास घेत होते. एक कोळीणआजी केरसुणी घेऊन धावत आल्या. चूक शंभर टक्के आमची होती. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून अर्धा किलो जवळा विकत घेतला. मग जरा नरमल्या, कुठे राहणार विचारलं. वाळूवर म्हटल्यावर म्हणाल्या, “पुनव हाय आज, बाय. रातचा पानी वर येल.” आम्ही हो हो म्हणालो आणि तीन तासांनी त्या पोराचं ऐकलं. एकीचं आयुष्य त्या किनाऱ्यावर गेलंय, दुसऱ्याला आमच्याकडून पैसे घ्यायचेत. आम्ही कोणाचं ऐकलं बघा.

रात्रीची सुरुवातच वाईट झाली. फोनवर ‘पेट-फ्रेंडली’ म्हणाले होते. तिथे कळलं की पेट-फ्रेंडली म्हणजे कुत्रा आणलात तर हाकलत नाही, एवढंच. बाकीच्या लोकांना भीती वाटते म्हणून त्याला ‘तिकडे खाली’ बांधा, असं सांगितलं. तिकडे खाली म्हणजे समुद्राच्या बाजूला, तंबूंच्या पहिल्या रांगेच्याही पुढे, वाळूत ठोकलेला व्हॉलीबॉलच्या जाळीचा खांब. मी नाही म्हटलं. वाद झाला. शेवटी भुऱ्या आमच्याबरोबर दुसऱ्या रांगेत राहिला.

रात्री दहानंतर स्पीकर बंद करायचा कायदा आहे, इथे साडेअकरापर्यंत चालू होता. भुऱ्या तंबूत यायलाच तयार नाही. मला वाटलं गाण्यांमुळे. तो सारखा सुरूच्या झाडांकडे ओढत होता, मध्येच थांबून समुद्राकडे तोंड करून उभा राहत होता, परत ओढत होता. मी त्याला दोनदा रागावले. हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

पावणेबाराच्या सुमाराला पहिल्या रांगेतून किंचाळण्याचा आवाज आला. मी तंबूची चेन उघडली तर पाणी पुढच्या तंबूच्या खालून येत होतं. लाट नाही, फेस नाही. नुसतं गुपचूप सरकत येणारं पाणी, चांदण्यात चकाकणारं. दोन मिनिटांत आमची गादी खालून भिजली. दोन पोरं टॉर्च घेऊन आली आणि माणसं आत असतानाच तंबू ओढायला लागली. कोणाच्या चपला वाहिल्या, कोणाचा फोन. आम्ही भुऱ्यासकट सुरूच्या मागे गेलो.

तिथून मी तो व्हॉलीबॉलचा खांब बघितला. कमरेइतक्या पाण्यात होता. त्याला बांधलेला कुत्रा त्या गाण्यांच्या आवाजात कितीही भुंकला असता तरी कोणाला ऐकू गेलं नसतं.

म्हणून पुढे जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरे. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, सकाळ-संध्याकाळ दोन्हीची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा: भरती संध्याकाळी सहाला आणि पहाटे सहाला. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा: सव्वा अकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, आणि शिवाय मध्यरात्री ओहोटी. तुम्ही संध्याकाळी पोचता तेव्हाच पाणी कुठपर्यंत येतं ते डोळ्यांनी दिसतं, कोणाला विचारायला लागत नाही. चांदणं अर्धं मिळेल. पुरे झालं.

आणखी एक, हे मला परत आल्यावर कळलं. वर्षातली मोठी उधाणं पावसाळ्यात दुपारी येतात, हिवाळ्यात मध्यरात्री. आणि सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमेला नाही, तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे आम्ही वाचलो म्हणायचं. तंबूवाल्यांचा सीझन मात्र नेमका हिवाळ्याचाच.

जागा बघताना माणसाचं ऐकू नका, जमीन बघा. थर्माकोल, बाटल्या, काटक्या यांची एक रेघ किनाऱ्याला समांतर गेलेली दिसते, पाणी अलीकडे तिथपर्यंत आलं होतं. आमच्या कॅम्पने ती रेघ सकाळीच झाडून काढली होती, स्वच्छता म्हणून. ते जमतं. पण मर्यादवेल झाडता येत नाही. जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरणारी, आपट्यासारख्या पानांची ती वेल. नावातच सगळं आहे. तंबू तिच्या मागे लावा, पुढे नाही. सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडलेली दिसली तर त्या झाडांच्याही मागे जा. आणि कुत्र्याला रात्री खांबाला, खुंटीला, कशालाही बांधू नका. पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या मनगटात.

पैशांबद्दल. फोनवर माणशी 1,500 आणि कुत्रा फुकट असं ठरलं होतं. पोचल्यावर कुत्र्याचे 700 मागितले, ‘पेट चार्जेस’. त्याला वाटीभर पाणीसुद्धा दिलं नाही, ते आमचंच. संध्याकाळी भांडायची ताकद नव्हती म्हणून दिले. सकाळी वर ओल्या गादीचे 1,000 मागितले. समुद्राने भिजवलेल्या गादीचे! ते मी दिले नाहीत. नवरा द्यायला निघाला होता. तुम्हीही देऊ नका. जे ठरेल ते निघायच्या आधी लेखी घ्या, कुत्र्याचा उल्लेख आणि रक्कम आकड्यात, आणि तंबू वाळूवर की झाडांच्या मागे हेही.

किनाऱ्यावरच्या कुत्र्यांच्या टोळ्या हा दुसरा ताप. प्रत्येकीची हद्द ठरलेली असते आणि एकीतून सुटलात की दुसरीत शिरता. भुऱ्या गावठी असल्याने त्याला ही भाषा कळते, शेपूट खाली घालून, नजर न भिडवता चालतो. लॅब्रॅडॉरवाल्यांचं काय होईल माहीत नाही. पळू नका, कुत्र्याला उचलू नका, पाण्याच्या कडेने चालत राहा. रेबीजची लस ताजी असल्याशिवाय तर निघूच नका.

वाळूत काय पडलंय याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. जाळ्यातून काढून टाकलेले मासे किनाऱ्यावर असतात. त्यात फुगलेला, टणक, दातांचा केंड दिसला तर कुत्र्याला ओढून बाजूला घ्या. तो विषारी, वाळलेलाही. शिंगाळ्याचा काटा पंज्यात घुसला तर सूज येते आणि कुत्रा दिवसभर लंगडतो. गळ, नायलॉनचे दोरे, फुटक्या बाटल्या हे तर आहेच. खारं पाणी चाटू देऊ नका, उलट्या-जुलाब होतात. एका कुत्र्याला एका रात्रीसाठी तीन-चार लिटर गोडं पाणी घरून न्या.

रविवारची सकाळ छान होती असं नवरा म्हणतो. तो भुऱ्याला घेऊन गोराईच्या दिशेने बराच लांब चालत गेला, बगळे वगैरे दिसले म्हणे. मी सुरूखाली ओल्या चादरीवर झोपले होते.

गाडी असेल तर भाईंदर-उत्तन मार्गे गाडीनेच जा. रस्ता लांबचा आहे आणि वारा उलटा असला तर धावगी डोंगरावरच्या कचऱ्याचा वास येतो, पण रात्री होडी नसते. कुत्र्याला मध्यरात्री डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर बेटावरून बाहेर पडायला तोच रस्ता आहे. आमच्यावर ती वेळ रविवारी दुपारी आली, होडीतून उतरल्यावर. जवळ्याची पिशवी मी रिक्षात पायाशी ठेवली होती. मालाड येईपर्यंत भुऱ्याने अर्धा किलो जवळा संपवला, कागदासकट. पुढच्या दोन दिवसांबद्दल लिहीत नाही.