कर्ज असून एफडी का मोडत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुम्ही गणित शिकवता ना? मग ८.४० टक्क्यांनी घराचं कर्ज फेडताय आणि साडेसहा टक्क्यांनी एफडी ठेवून बसलाय, हे कुठलं गणित?"

स्टाफरूममध्ये हे विचारतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की भाऊ विचारतो. पुण्यात आयटीत असलेला जावेचा मुलगा विचारत नाही, तो सरळ व्हॉट्सॲपवर एक्सेल शीट पाठवतो आणि शेवटच्या रकान्यात लाल रंगात 'तोटा' लिहितो. आतापर्यंत मी हसून "बघू" म्हणत आले, पण परवा एका लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढणाऱ्या माणसासमोर हा विषय निघाला आणि मला वाटलं आता एकदाच लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी फक्त पाठवून देता येईल.

तर आधी गणितच घ्या. साडेपाच लाखांच्या एफड्या आहेत, दोन बँकांत. कर्ज आणि एफडीतला फरक १.९ टक्के. म्हणजे वर्षाला साधारण १०,४५० रुपये तोटा, महिन्याला नऊशेच्या आत. हो, तोटा आहे. मला माहीत आहे, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वर्षानुवर्षं साचत जाऊन तो आकडा बराच मोठा होतो हेसुद्धा मला कळतं, चक्रवाढ व्याज मी आठवीच्या पोरांना शिकवते. तुम्ही गाडीचा विमा भरता आणि वर्षभर गाडी कुठे ठोकली नाही म्हणून पैसे बुडाले असं म्हणत नाही, तसे मी हे पैसे भरते.

एवढ्यावर लेख संपायला हवा होता. पण तुमचं समाधान होत नाही आणि खरं सांगायचं तर माझंही पूर्ण होत नाही.

आमच्या घरात पैसा कसा येतो ते निम्म्या लोकांना माहीत आहे तरी विसरतात. माझा पगार ठरलेला. ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. मार्च ते जून व्होल्टेज पडतं, विहिरीवरच्या मोटारी जळतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते, रात्री अकरा-अकरापर्यंत काम चालतं. आणि त्या चार महिन्यांत रोख जवळपास काहीच येत नाही. केळीवाला म्हणतो गाडी भरली की देतो, कापूसवाला म्हणतो दिवाळीनंतर देतो. उधारीची वही उन्हाळ्यात जाड होते आणि नेमका तेव्हाच वर्षाचा गहू भरायचा असतो, तूरडाळ, मिरच्या, मसाला, पापड-कुरडयांचं सामान, कूलरचं बिल, लग्नसराईचे आहेर, जूनमध्ये पोराची फी. हप्त्याला मात्र उन्हाळा-हिवाळा कळत नाही, तो पाच तारखेला कापला जातोच.

तरी २०२१ ची मी वेगळी होते. स्टँप ड्युटीत सवलत होती म्हणून डिसेंबर २०२० मध्ये घाईघाईने खरेदीखत केलं, २५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, ६.९० टक्के, हप्ता १९,२०० च्या थोडा वर. तेव्हा मी एक तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आठ वर्षांत कर्ज संपवायचा. कुठल्या दिवाळीला किती जादा भरायचे, सगळं आखलेलं. आज जावेचा मुलगा जे बोलतो ते सगळं त्या बाईने आधीच बोलून झालेलं आहे. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिच्या तक्त्यात फक्त व्याजाचा दर सगळ्या रांगांमध्ये सारखा होता आणि ह्यांची उधारी वेळेवर येत होती.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, वाढवायला सुरुवात केली. चार टक्क्यांचा फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. आमचं कर्ज रेपोला जोडलेलं, म्हणजे ६.९० चे थेट ९.४०. हप्ता तेवढाच ठेवून बँकेने मुदत ताणली, ती पण आम्हाला न विचारता. ॲपवर एकदा सहज पाहिलं तर कर्ज माझ्या रिटायरमेंटच्या पुढे गेलेलं. कागद घेऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं, १९,२०० मधले १८,७०० नुसते व्याजात जात होते. दोन वर्षं हप्ते भरून मुद्दल जेमतेम लाखाने कमी झालेलं आणि आता महिन्याला पाचशे रुपयांनी कमी होणार. (हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये. आमचं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.) मग आम्हीच अर्ज देऊन हप्ता २३,००० करून घेतला.

आणि त्याच हंगामात कापूस घरात पडून होता! आदल्या वर्षी भाव दहा हजारांच्या वर गेलेला, त्यामुळे त्या वर्षी कोणी विकायला तयार नाही, घराघरात छतापर्यंत कापूस, अंगाला खाज सुटेपर्यंत लोकांनी ठेवला. ह्यांची उधारी त्या कापसाखाली. मागायला गेलं की शेतकरी म्हणायचा, "दादा, थोडा भाव येऊ द्या, सगळे एकदम देतो." भाव आला नाही. त्या महिन्यांतले हप्ते एफडीतून गेले. जादा भरून कर्ज कमी केलेलं असतं तर त्या कर्जातून मला कोणी महिन्याचा हप्ता काढून दिला नसता.

यावर लगेच येतं की ओव्हरड्राफ्टवालं होम लोन घ्यायचं ना, जादा भरलेले पैसे पाहिजे तेव्हा काढता येतात. चौकशी केली होती. दर थोडा जास्त होता ते सोडा. खरं कारण हे की त्या खात्यातून कधीही पैसे काढता येतात म्हटल्यावर ह्यांनी दुकानासाठी तांब्याच्या तारेचा स्टॉक भरला असता आणि मीही एखाद्या दिवाळीला सराफात गेले असते. आम्ही दोघं तेवढे शिस्तीचे नाही. एफडी मोडायला बँकेत जावं लागतं, सही करावी लागते, तेवढा अडथळा आम्हाला लागतो.

पण मूळ कारण हे कुठलंच नाही. ते माझ्या भावाला माहीत आहे आणि तरीही तो विचारतो म्हणून राग येतो.

आमचे नाना एसटीतून रिटायर झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे आलं त्यातले चार लाख त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले. बँकेपेक्षा तीन-साडेतीन टक्के जास्त मिळत होते. तेव्हा आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था होत्या, काचेचं दार, ग्रॅनाइटचं काउंटर, गेलं की शिपाई पाणी आणून द्यायचा, मॅनेजर आमच्या ओळखीतलाच. "काका तुम्ही घरचे आहात," म्हणायचा. नानांना हे फार आवडायचं. आयुष्यभर गर्दीत तिकिटं फाडलेल्या माणसाला कोणी खुर्ची दिली की आवडतंच.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि नाना विड्रॉल फॉर्म भरायला गेले. सोमवारी या म्हणाले. सोमवारी म्हणाले वसुली चालू आहे, पंधरा दिवस थांबा. मग काउंटरवर कागद लागला की एका ठेवीदाराला एका वेळी हजारच रुपये मिळतील. मी तेव्हा नोकरीला नवीन होते, सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत जायचे. बाहेर उन्हात रांग, बायका, म्हातारे, एक जण सलाइनची पट्टी हाताला तशीच असलेला. नाना इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. रांगेत कुणाशी भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. पाणी आणून देणारा शिपाई आता दार आतून लावून घ्यायचा. एकदा फक्त परत येताना रिक्षात म्हणाले, "मनाच पैसा, नि मालेच नही देतस." माझाच पैसा आणि मलाच देत नाहीत. तेही मला नाही, समोर बघून.

लग्नाला महिना राहिला तेव्हा एक माणूस घरी आला. चहा घेतला, तब्येतपाणी विचारलं, आणि म्हणाला पावत्या देता का, रुपयाला चाळीस पैसे, रोख. त्याच्यामागे कोण आहे ते तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं की त्या संस्थेचे मोठे कर्जदार अशा पावत्या अर्ध्याहून कमी किमतीत उचलत होते आणि पूर्ण किमतीला आपल्या कर्जात वळत्या करून घेत होते. दोन लाखांच्या पावत्यांचे नानांनी ८०,००० घेतले. आईने पाटल्या काढून दिल्या. लग्न झालं, चांगलं झालं. ज्याचं कर्ज आमच्या पावत्यांनी फिटलं तो आमच्याच गावचा, त्याचा बंगला स्टँडवरून दिसतो, आणि तो लग्नाला आला होता, आहेराचं पाकीट देऊन गेला. पाकिटात पाचशे एक रुपये होते. आईने वहीत लिहून ठेवले, कारण उलट आहेर करावा लागतो. उरलेल्या दोन लाखांच्या पावत्या पुढे प्रशासक आल्यावर तुकड्या-तुकड्याने थोड्या मिळाल्या, बाकीच्या अजून आहेत.

आता यातून भावाने काय घेतलं, तर पैसा ठेवायचाच नाही कुठे, आला की कर्जात टाकायचा, कोणाचं देणं नको आणि कोणाकडे घेणं नको. त्याने त्याचं कर्ज सात वर्षांत संपवलं, त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे, खोटं नाही. मी त्याच घरात, त्याच रांगेत उभी राहून दुसरंच घेतलं. मला दिसलं की तिथे कर्जदार सुटला आणि ठेवीदार अडकला. मला हे दिसलं की तीन टक्के जास्त मिळतात का हा प्रश्नच नव्हता, ज्या दिवशी लागतील त्या दिवशी हातात येतात का एवढाच प्रश्न होता. म्हणून माझी एफडी मोठ्या बँकेत, व्याजासकट एका बँकेत पाच लाखांच्या आत, कारण ठेव विमा तेवढाच आहे, फेब्रुवारी २०२० आधी तर तो फक्त एक लाख होता. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाहीच, हे नानांना त्या काउंटरवर कोणी सांगितलं नव्हतं.

भाऊ म्हणतो, ज्या बाईच्या बापाच्या ठेवी बुडाल्या ती ठेवी ठेवते, याला काय म्हणावं. मी म्हणते, जी रक्कम मी घराच्या भिंतीत घातली ती पण माझ्यासाठी अडकलेली पावतीच आहे, ती पण गरजेच्या दिवशी कोणीतरी चाळीस पैशांनीच घेईल. हे मी बोलून जाते आणि मग मलाच पटत नाही, कारण घर काही पतसंस्था नाही, आणि भिंतीतला पैसा महिन्याला व्याज तरी वाचवतो.

टॅक्सचा मुद्दा आता काढू नका. जुन्या पद्धतीत व्याजावर दोन लाखांची वजावट मिळायची म्हणून कर्ज राहू द्या असा सल्ला देणारे होते, नव्या पद्धतीत स्वतः राहत्या घराला ती नाही आणि बारा लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, त्यामुळे ते सल्लागार गप्प झाले. सासूबाईंचा सल्ला मात्र उरलाय. "सोनं घ्या," त्या २०२१ पासून म्हणतायत. तेव्हा तोळा पन्नास हजारांच्या आतबाहेर होता, २०२५ मध्ये लाखाच्या वर गेला. एफडी, कर्ज, एक्सेल शीट, सगळ्यांना त्यांनी हरवलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि त्या जळगावच्या असल्यामुळे रोज भाव वाचून दाखवतात.

मी अगदीच काही करत नाही असंही नाही. कापसाची उधारी आली की वर्षातून एक हप्ता जादा भरते, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाला त्याचा दंड लागत नाही. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा बँकेला हप्ता कमी करू दिला नाही, मुदत कमी करून घेतली. कर्ज आता साडेवीस लाखांच्या आसपास आहे. दर तसेच राहिले तर रिटायरमेंटच्या आधी संपेल, आणि नोकरी २००५ नंतरची असल्यामुळे जुनी पेन्शन नाही, म्हणजे संपायलाच पाहिजे. इथे मात्र त्या कपाटाच्या दारावरच्या बाईचं ऐकावं असं वाटतं. साडेपाच लाख ठेवायची गरज आहे की साडेतीन पुरतील? कधी वाटतं पुरतील. मग एप्रिल येतो आणि वही जाड व्हायला लागते.

मार्चमध्ये एक एफडी संपतेय, दोन लाखांची. ह्यांचं म्हणणं, पूर्ण कर्जात टाकू. मी अर्धी म्हटलंय. भावाला अजून सांगितलेलं नाही, त्याने विचारायच्या आत ठरवायचं आहे.