दुसरी बरणी उघडली, पिशवीत खडी भरली

पावसाळ्याच्या तोंडावर भिजत घातलेली दित दा जाऊची, म्हणजे मुक्या मारावर चोळायच्या चिनी औषधी अर्काची, दुसरी बरणी आता गाळून झाली, आणि सरावाच्या पिशवीतले मूग काढून मी खडी भरली. दोन्ही एकाच सुमारास झालं, त्यामुळे ही नोंद नेहमीपेक्षा लांबणार आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मी लोखंडी पंजाचा, म्हणजे पिशवीवर मारून हात घट्ट करण्याच्या कुंग फूमधल्या साधनेचा, सराव करतो, आणि त्यातही उत्तर शाओलिन या कुंग फू शैलीच्या गू रूचांग यांच्या परंपरेतून आलेल्या पद्धतीचा. गू रूचांग (1894–1952) हे उत्तर चिनी शैलीचे उस्ताद. 1929 मध्ये उत्तरेचे जे पाच उस्ताद दक्षिण चीनमध्ये ग्वांगझौला शिकवायला गेले आणि ज्यांना ‘दक्षिणेत उतरलेले पाच वाघ’ म्हणतात, त्यांच्यातले एक. विटांच्या थप्पीवर तळहात मारतानाचा त्यांचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्या फोटोमुळे लोकांना वाटतं की हा सगळा मामला विटा फोडण्याचा. माझं मत वेगळं आहे आणि सराव वाढतोय तसं ते पक्कं होतंय. या साधनेचा अर्धा भाग मारण्यात आहे आणि अर्धा औषध चोळण्यात. चोळणं हे मारण्यानंतर उरलेलं किरकोळ काम समजणाऱ्याचा हात घट्ट होत नाही, नुसता झिजतो.

पिशवी

परंपरेत पिशवी टप्प्याटप्प्याने कडक होत जाते. आधी मूग, मग खडी किंवा वाळू, शेवटी लोखंडी छर्रे. सुरुवात मुगाने का, ते हात ठेवला की लगेच कळतं. दाणा गोल आणि गुळगुळीत असतो, हाताखालून सरकतो आणि मार सगळ्या तळव्यावर पसरतो. चिनी वैद्यकात मूग थंड मानतात, हेही एक कारण सांगितलं जातं. रोजच्या माराने मुगाचं हळूहळू पीठ होतं, पिशवी खालून गच्च बसते आणि वरचा थर पोकळ वाटायला लागतो. पावसाळ्यात कीड लागते ती वेगळीच. तेव्हा मूग बदलत राहायचे, पिशवी उन्हात टाकायची. जुने मूग फेकून द्या, खाण्यात आणू नका. त्यांत औषध मुरलेलं असतं.

खडी आणताना एक काळजी घ्या. बांधकामाची फोडलेली खडी घेऊ नका. तिच्या कडा आतून कापड कापतात आणि मग पिशवी नेमकी मार पडतो तिथेच फाटते. माशांच्या टाकीत घालतात ती गोल, बारीक खडी मी आणली, धुऊन दोन-तीन उन्हं दिली आणि जाड कॅनव्हासच्या दुहेरी शिवणीच्या पिशवीत भरली. पिशवी गच्च भरायची नाही. हात पडल्यावर आतला माल थोडा हलला पाहिजे.

मारण्याचे प्रकार तेच पाच: तळव्याची थाप, पंज्याच्या मागच्या बाजूची थाप, करंगळीकडच्या कडेचा वार, तळव्याच्या टाचेचा दाब आणि बोटांची टोकं. हात खांद्यापासून सैल सोडायचा, तो आपल्या वजनाने खाली येतो. जोर लावायचा नाही. खडीवर आल्यावर जोर लावायचा मोह फार होतो, कारण आवाज भरदार येतो. मी उलट उंची कमी केली: मुगावर हात कानापर्यंत उचलत होतो, खडीवर सध्या छातीपर्यंतच. बोटांच्या टोकांचा प्रकार खडीवर अजून सुरू केलेला नाही. बोटांचे सांधे लहान असतात, त्यांना मुगावरच ठेवलंय.

बरणी

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते.

दित दा जाऊ म्हणजे मुका मार, सूज, लचक यांवर चोळायचा वनस्पतींचा मद्यार्क. दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगदोंग आणि हाँगकाँगमध्ये, कुंग फूची शाळा आणि हाडवैद्याचा दवाखाना या एकाच छपराखालच्या गोष्टी होत्या. कुंग फूचे उस्ताद आणि वैद्य वाँग फेईहाँग यांचा ग्वांगझौमधला ‘पो ची लाम’ दवाखाना हे त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण; 1924 मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांच्या सशस्त्र दलाच्या उठावात ते जळालं. सिफू (गुरू) मार द्यायला शिकवायचा आणि तो उतरवायलाही. म्हणून प्रत्येक घराण्याचा नुस्खा वेगळा, आणि तो जपून ठेवलेला. पण चार-पाच नुस्खे शेजारी ठेवून पाहिले तर गाभा बराचसा सारखाच निघतो: रक्त हलवणाऱ्या वनस्पती, ठणका कमी करणारे डिंक आणि हाडांसाठी एखाद-दुसरं मूळ.

या गाभ्यातल्या कितीतरी गोष्टी आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. होंगह्वा म्हणजे करडईची फुलं. सोलापूर-मराठवाड्यात करडई तेलासाठी पेरतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, तेव्हापासून पाकळ्या वेचणं हातांना सोसण्यासारखं झालं. रूशियांग म्हणजे ऊद-लोबानाच्या जातीचा डिंक. त्याची इथली बहीण सालई, सातपुड्यातली. मोयाओ म्हणजे हिराबोळ. सूमू म्हणजे पतंगाचं लाकूड, ज्याने अर्काला तो गडद लाल रंग येतो. ज्यांगह्वांग तर आपली हळदच. मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप देणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा नुस्खा परका वाटतच नाही.

काही गोष्टी मात्र इथे मिळत नाहीत. दांगग्वेईचं मूळ, छ्वानशिओंग, युन्नानचं सानची आणि गूस्वेइबू नावाचा नेच्याचा कंद या चार वस्तू मित्राने हाँगकाँगच्या शेउंग वानमधून, को शिंग स्ट्रीटवरून आणून दिल्या. तो अख्खा रस्ता सुक्या औषधांच्या दुकानांचा आहे. दांगग्वेई मागताना शेपटीकडचा भाग मागायचा. चिनी वैद्यकात मुळाचं डोकं रक्त भरून काढतं आणि शेपटी साकळलेलं रक्त हलवते असं मानतात, आणि आपलं काम दुसऱ्या गोष्टीचं.

पहिल्या बरणीत मी सालई वापरली होती. दुसरीत सोमालियाकडचा रूशियांग घातला, बाकी सगळं तेच ठेवलं. फरक जाणवतो तो वासात आणि चिकटपणात. सालईचा अर्क हातावर जास्त वेळ चिकट राहतो, त्यामुळे चोळताना हात घसरत नाही, अडखळतो. रूशियांगचा पटकन मुरतो. ठणका उतरण्यात मला दोन्हींत फरक जाणवला नाही. सालईत बॉस्वेलिक आम्लं भरपूर असतात, सूज वाढवणाऱ्या एका एन्झाइमला ती अडवतात. तेव्हा ज्यांना परदेशी डिंक मिळत नाही त्यांनी सालईवर बिनधास्त काम चालवावं.

मद्य कोणतं, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. चीनमध्ये तांदळाची कडक दारू वापरतात. आपल्याकडे साधी व्होडका चालते, आणि तिचं 42.8 टक्के हे प्रमाण या कामाला फार सोयीचं आहे. हिराबोळ आणि लोबान यांत दोन भाग असतात. गोंदासारखा भाग पाण्यात विरघळतो, राळेचा भाग अल्कोहोलमध्ये. अर्धं पाणी, अर्धं अल्कोहोल असलं की दोन्हींतलं बरंचसं बाहेर येतं. दुकानात स्वस्त मिळणारं औद्योगिक स्पिरिट कधीही वापरू नका. त्यात मेथनॉल मिसळलेलं असतं आणि मेथनॉल कातडीतूनही शरीरात जातं.

माझं प्रमाण: दोन लिटर व्होडकाला सगळ्या औषधी मिळून पावणेदोनशे ग्रॅम. मुळं खलबत्त्यात जाडसर कुटायची, पूड करायची नाही, नाहीतर गाळताना जीव जातो. डिंक कुटण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचे. गरम हवेत हिराबोळ बत्त्याला गूळ चिकटावा तसा चिकटतो. गोठला की खडीसाखरेसारखा फुटतो. चिनी मातीची बरणी किंवा काच, धातू नाही आणि प्लॅस्टिकही नाही. अंधारात ठेवायची आणि सुरुवातीला रोज हलवायची. दीड महिन्यात वापरण्याजोगा होतो. मला विचाराल तर सहा महिन्यांआधी झाकण उघडू नये. या वेळी मलमलच्या कापडातून गाळला तेव्हा रंग जुन्या शिसवीसारखा होता आणि पहिला वास हिराबोळाचा, कडवट. मागून दांगग्वेईचा, ओव्याच्या कुळातल्या मुळांना असतो तसा.

जे मी घालत नाही

जुन्या नुस्ख्यांत छ्वानवू आणि त्साओवू हमखास असतात. दोन्ही बचनागाच्या कुळातली. माच्येनझी म्हणजे काजरा, ज्यात स्ट्रिक्नीन असतं. बाहेरून लावायचं औषध आहे म्हणून चालतं, असं म्हणणारे भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. बचनागातलं अकोनिटीन कातडीतून आत जातं, आधी मुंग्या आणि बधिरपणा आणतं, आणि जास्त गेलं तर हृदयाचे ठोके बिघडवतं. त्याचं विष तासन्तास उकळल्याने उतरतं; आपल्याकडचे वैद्यही बचनाग गोमूत्रात शुद्ध केल्याशिवाय हात लावत नाहीत. कच्चं मूळ दारूत भिजवलं तर विष जसंच्या तसं अर्कात उतरतं. हाँगकाँगच्या 1999 च्या चिनी औषध कायद्यात 31 जहाल औषधींची वेगळी यादी आहे, आणि कच्चा बचनाग व कच्चा काजरा दोन्ही तिच्यात आहेत. त्यातून आपण ज्या हाताला हे लावणार त्याची कातडी सरावाने सोललेली असण्याची शक्यता जास्त. बधिर झालेल्या हातावर आणखी मार घेणं तर सरळसरळ धोक्याचं. दुखणं हीच आपल्याजवळची एकमेव सूचना असते.

वाघाचं हाड, कस्तुरी, हिंगूळ हेही जुन्या याद्यांत सापडतात. चीनने वाघाच्या हाडांचा व्यापार 1993 मध्येच बंद केला. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज. यातलं काहीही नसताना अर्क उत्तम होतो, माझ्या दोन्ही बरण्या तशाच आहेत.

चोळणं

सराव सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा. आधीचं चोळणं थोडक्यात, हात गरम होईपर्यंत. नंतरचं मात्र घाईचं नाही. तळव्यात थोडा अर्क घ्यायचा, दोन्ही हात एकमेकांवर घासायचे, मग अंगठ्याने पंज्याच्या मागच्या बाजूला दोन-दोन हाडांमधल्या खाचा मनगटाकडे दाबत न्यायच्या. तिथे बारीक गाठीसारखं लागतं ते त्या दिवशीच्या माराचं साकळलेलं असतं. त्यावर जोर न लावता गोल फिरवत राहायचं, हळूहळू ते सुटतं. मग प्रत्येक बोटाच्या प्रत्येक पेराच्या दोन्ही कडा. शेवटी कोपरापर्यंत हात, कारण तळव्याच्या माराचा ताण तिथपर्यंत जातो. कातडी फुटलेली असेल तर अर्क लावायचा नाही आणि त्या दिवशी पिशवीही नाही. जेवणाआधी हात साबणाने नीट धुवा, पण चोळल्यावर लगेच गार पाण्यात घालू नका, ही जुनी शिस्त मी पाळतो.

ताजी, गरम, लाल सूज असेल तर हा अर्क बाजूला ठेवा. त्यात उष्ण गुणाच्या औषधी जास्त आहेत. अशा वेळी चीनमध्ये तीन पिवळ्या औषधींचं चूर्ण लेपायला वापरतात: दाह्वांग म्हणजे रेवंदचिनीच्या जातीचं मूळ, ह्वांगछिन आणि ह्वांगबो. अर्काची पाळी सूज उतरल्यावर.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. आणि वाढीच्या वयातल्या मुलांना पिशवी देऊ नका. त्यांच्या हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या अजून कच्च्या असतात. वर्गात मुलं मागे लागतात, तरी नाही म्हणायचं.

हातात काय बदललं

‘शंभर दिवसांत लोखंडी पंजा’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 मध्ये मांडलं, पण जुनं हाड काढून नवं भरण्याचं काम एकेका जागी कित्येक महिने चालतं. शंभर दिवसांत मिळते ती सवय आणि तंत्र. हाड मागून येतं.

माझ्या हातावर घट्टे नाहीत, आणि मला ते नकोच आहेत. या परंपरेत हात बाहेरून साध्या माणसासारखा दिसावा, अशीच अपेक्षा असते. तळवा थोडा भरलाय, करंगळीकडची कड जाड झालीय. सुरुवातीला सरावानंतर रात्री ठणका असायचा, तो मुगाच्या शेवटी शेवटी उरला नव्हता. खडीवर आल्यावर पुन्हा हलकासा सुरू झालाय, सकाळपर्यंत जातो. पूर्वी पंज्याच्या मागे निळे डाग पडून ते हिरवे, मग पिवळे होत जायला आठवडा सरायचा. आता डागच क्वचित पडतो.

विटा मी अजून हातात घेतलेल्या नाहीत. मी तपासतो ते वेगळं: डोळे मिटून खिशातलं नाणं एक रुपयाचं की दोनचं ते बोटांनी ओळखता येतं का, सुईत दोरा ओवता येतो का, सकाळी उठल्याबरोबर मूठ पूर्ण मिटते का. यातलं एक जरी बिघडलं, किंवा बोटात मुंग्या आल्या, तर पिशवी बंद आणि फक्त चोळणं. आतापर्यंत तिन्ही शाबूत आहेत आणि याचा मला खरा आनंद आहे.

तिसरी बरणी याच आठवड्यात भिजत घालतोय. यात सालई आणि रूशियांग निम्मेनिम्मे, पतंग थोडा कमी आणि हळदीऐवजी आंबेहळद. कोणी आंबेहळद घालून अर्क केला असेल तर प्रमाण जरूर कळवा. आणि कोलकात्याच्या टांग्रा या चिनी वस्तीच्या भागात कोणाची ओळख असेल तर तिथे सुकं दांगग्वेई मिळतं का तेवढं विचारून सांगा, म्हणजे दर वेळी हाँगकाँगहून येणाऱ्या मित्रावर भार नको.