ख्रिस्तोफरचा ठसा: तिसरा आठवडा, चेहरा अजून बाकी

बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या संत ख्रिस्तोफरच्या एका जुन्या युरोपीय काष्ठछापेची (लाकडी ठशावरून छापलेल्या चित्राची) नक्कल मी फळीवर कोरतोय. रविवारी त्यातल्या नदीच्या एका लाटेची रेषा तुटली. शिवणीच्या लाकडाच्या फळीचे तंतू उभे, लाट आडवी. तंतूंना आडवी जाणारी बारीक रेषा नाजूक असते, हे माहीत असूनही घाई नडली.

चूक सुरीच्या कलाची होती. रेषा राखायची आणि भोवतालचं लाकूड काढायचं. त्यासाठी रेषेच्या दोन्ही अंगांना बाहेर कललेले काप घ्यावे लागतात, म्हणजे ती शेताच्या बांधासारखी वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहते. माझी सुरी आत कलली आणि पाया पोखरला गेला. मग तेवढ्या जागी चौकोनी खाच घेतली, त्याच फळीचा तुकडा तंतू जुळवून सरसानं बसवला आणि पुन्हा कोरला. जुन्या युरोपीय ठशांवरही अशी ठिगळं सापडतात.

मूळ छाप 1423 सालची आहे. युरोपातल्या साल कोरलेल्या सर्वांत जुन्या काष्ठछापांपैकी ही एक. जर्मनीतल्या बुक्सहाइमच्या मठातल्या एका हस्तलिखिताच्या बांधणीत ती आतून चिकटवलेली होती. आता मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. खांद्यावर बाळ येशू, काठावर कंदील घेतलेला तपस्वी, पलीकडे पाणचक्की. रंग छपाईनंतर हातानं भरलेले.

काल खालच्या अर्ध्या भागाची पहिली चाचणी घेतली. काजळीत डिंकाचं पाणी, ओलसर हातकागद, पाठीवरून लाकडी पळीनं घासणं. लाटा स्वच्छ उठल्या, ठिगळाचा सांधा केसाएवढा दिसतो. घासून कागदाची पाठ चकाकते आणि रेषा मागे उमटतात. पंधराव्या शतकातल्या घासून छापलेल्या ठसापुस्तकांत (चित्र-मजकूर कोरलेल्या लाकडी ठशांवरून छापलेल्या पुस्तकांत) पानाची एकच बाजू का छापत, ते हातानं कळलं.

चित्राखालच्या लॅटिन ओळी सांगतात: ज्या दिवशी ख्रिस्तोफरचं मुख पाहशील, त्या दिवशी तुला वाईट मरण येणार नाही. वाईट मरण म्हणजे पापांची कबुली न देता, अवचित आलेलं. लोक हा कागद भिंतीला लावत तो या चेहऱ्यासाठी, त्यामुळे तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. तिथं ठिगळ नको. डोळ्याच्या रेषा आधी टाकाऊ फळीवर दहा वेळा कोरतोय. सहाव्यांदा बुबुळ शाबूत राहिलं. शनिवारी सुरीला नवी धार लावून खऱ्या फळीवर.