तुम्ही विचारलंत म्हणून: "बाटवलं नाही ना तिथे?"

बार्शीला गेले की अजूनही कुणीतरी विचारतंच, "ख्रिश्चन कॉलेजात होतीस ना अमेरिकेत? बाटवायला बघितलं नाही का तुला?"

नाही. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात चार वर्षं काढली, कुणी तसा विषयसुद्धा काढला नाही. चॅपल उघडं असायचं. जाणारे जायचे, न जाणाऱ्याला कुणी हटकत नसे. पंधराशेच्या आसपास मुलं, गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखायचे. मी बदलले, पण ते झाडूमुळे.

तिथे 1892 पासून शिक्षणाची फी घेत नाहीत. पण प्रत्येकाला आठवड्याला निदान दहा तास काम करावंच लागतं. मला झाडूंचं वर्कशॉप मिळालं. पहिल्या दिवशी समोर गठ्ठा आला आणि मी ओळखलंच, ही तर ज्वारी! दाण्यासाठी नाही, लांब तुऱ्यांसाठी पिकवलेली जात, पण आमच्या सोलापूरकडची ज्वारीच. काड्या आधी भिजवायच्या, नाहीतर तार आवळताना मोडतात. दांडा यंत्रात फिरत असतो, त्यावर एका हाताने काड्या लावत जायच्या. तार सैल राहिली की झाडू गळायला लागतो. माझे पहिले सगळे सोडून पुन्हा बांधावे लागले. बोटं चिरली.

आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इथे कुणाला सांगू नकोस."

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात. ती बांधून आणणारी मावशी मात्र अंगणातच उभी राहायची. आजी पैसे वरून तिच्या पदरात टाकायची. मी लहानपणापासून हे पाहिलं आणि कधी खटकलं नाही. त्या मावशीचे हात कसे होते, मला आठवत नाही. माझी चिरलेली बोटं बघताना हे ध्यानात आलं. त्याची लाज अजून वाटते.

कॉलेजचं ब्रीद बायबलमधलं आहे: देवाने पृथ्वीवरची सगळी माणसं एका रक्ताची केली. गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या जॉन फी या पाद्र्याने 1855 मध्ये तिथे शाळा काढली. 1859 मध्ये गुलामगिरीवाल्यांनी त्याला हाकलून दिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर तो परत आला. 1866 मध्ये तिथे 96 काळी आणि 91 गोरी मुलं एकत्र शिकायला बसली. पुढे 1904 मध्ये राज्याने कायदा करून हे बंद पाडलं, सुप्रीम कोर्टानेही 1908 मध्ये तो कायदा उचलून धरला. पुन्हा एकत्र बसायला 1950 उजाडलं.

गेल्या दिवाळीत मावशीची सून केरसुणी घेऊन आली. मी तिला आत बोलावलं. बसायला तयार नव्हती, हात धरून बसवलं. तिने शिंदीच्या पानांची गाठ कशी मारतात ते दाखवलं, मी तारेचं सांगितलं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. रोजच्या, आमच्याच कपांतून.