धंद्याआधी स्वतःची मोजणी

नागपुरात सावजी मसाल्याचं छोटं युनिट टाकायचं ठरलं की पहिली चक्कर मशीनवाल्याकडे होते. त्याआधी वही घ्या अन् स्वतःला मोजा.

‘मला मसाला जमतो’ हे भांडवल नाही, तपासून पाहा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा १-१ किलो मसाला करा, प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहून. नात्याबाहेरच्या १० जणांना कोणता कधीचा ते न सांगता चाखायला द्या. चव हलली तर बहुधा मिरचीतला ओलावा किंवा भाजण्याची वेळ बदललेली असते. म्हणजे कृती अजून हातातच आहे, कागदावर उतरलेली नाही. कामाला माणूस ठेवला की पहिल्याच आठवड्यात फसाल.

आता पैसा. समजा बचत ५ लाख, घरखर्च महिना २५,०००. सहा महिन्यांचे दीड लाख बाजूला काढा, त्याला हात नाही. उरले साडेतीन. कळमन्याच्या घाऊक बाजारात हंगामात वर्षाची मिरची भरली की त्यातला मोठा घास तिथेच अडकतो. इतवारीतल्या दुकानदाराला ४५ दिवसांची उधारी दिली अन् महिन्याची विक्री १ लाख असेल, तर आणखी दीड लाख बाहेर. मशीन सरळ घेऊ नका. आधी दळण बाहेरून करून घ्या.

कर्ज काढणार असाल तर सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड, आधीच बघा. मेहुण्याला जामीन राहिला असाल, तेही तिथे दिसतं.

माणसांची यादी मात्र छोटीच निघते. ‘ओळखी खूप आहेत’ म्हणणाऱ्याने पैसे मोजून माल घेतील अशी पाच नावं लिहून दाखवावीत.